पणजीच्या सखल भागात तीन तळघरे वरून खाली बांधताना

प्रश्न असा आहे: पणजीच्या सखल भागात तळघरासाठी ४० बाय ३० मीटर जागा, दोन बाजूंना चिऱ्यांची जुनी घरे, पुढे वाहता रस्ता. खाली पार्किंगची तीन तळघरे, वर चार मजले. सल्लागार टॉप-डाऊन करा, म्हणजे वरचा स्लॅब आधी ओतून त्याखाली खणत जा म्हणतात, कंत्राटदार नेहमीप्रमाणे खड्डा खणून खालून वर यायचे म्हणतो. कोणाचे ऐकावे, आणि टॉप-डाऊन करायचे तर प्रत्यक्षात काय काय करावे लागते?

या जागेसाठी सल्लागारांचे ऐका. मात्र त्यांनी ‘काम लवकर होते’ हे कारण दिले असेल तर ते बाजूला ठेवा. वर चारच मजले असताना वरचे आणि खालचे काम एकाच वेळी चालवून वाचणारे दिवस थोडेच असतात, कारण स्लॅबखालची खुदाई उघड्या खड्ड्यापेक्षा सावकाश होते. इथे टॉप-डाऊन निवडायचे ते दोन कारणांसाठी: पावसाआधी खड्ड्यावर छप्पर येते, आणि शेजारच्या घरांखालची जमीन कमीत कमी हलते.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. १,२०० चौरस मीटरच्या उघड्या खड्ड्यात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १२० घनमीटर पाणी नुसते आकाशातून येते. खालून वर यायचे असेल तर ऑक्टोबरात सुरुवात करून मेअखेर भिंत, अकरा मीटर खुदाई, राफ्ट (सगळ्या तळाचा जाड काँक्रीटचा पाया) आणि निदान दोन स्लॅब झाले पाहिजेत. ते जमत नाही, आणि मग ऐन पावसात तो खड्डा पोलादी स्ट्रटांच्या, म्हणजे आडव्या टेकूंच्या, आधारावर उभा राहतो. टॉप-डाऊनमध्ये मेअखेर फक्त भिंत, पाईल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि तळमजल्याचा स्लॅब एवढेच गाठायचे असते. खुदाई त्या स्लॅबखाली, पाऊस चालू असताना होते.

क्रम असा. आधी चारही बाजूंनी जमिनीतच काँक्रीटची डायफ्राम वॉल. मग आतल्या प्रत्येक खांबाच्या जागी खोल पाईल आणि त्यात वरून रोवलेला पोलादी खांब, म्हणजे प्लंज कॉलम. मग तळमजल्याचा स्लॅब थेट जमिनीवर ओतायचा, त्यात माती काढण्यासाठी मोठी ओपनिंग ठेवायची. त्या ओपनिंगमधून खाली उतरून एका मजल्याची माती काढायची, पहिल्या तळघराचा स्लॅब पुन्हा जमिनीवरच ओतायचा, आणि असे करत राफ्टपर्यंत जायचे. कायमचे स्लॅबच भिंतीला आतून टेकू देतात. मिलान शहराच्या १९६४ साली सुरू झालेल्या मेट्रोमुळे ही रीत जगभर पोचली. तिथेही अडचण अशीच होती, अरुंद रस्ते आणि दोन्ही बाजूंना जुनी घरे.

पर्वरीच्या पठारावर किंवा मडगावच्या उंच भागात, जिथे कठीण जांभा आहे, पाणी खोल आहे आणि कडेला मोकळी जागा आहे, तिथे एका तळघरासाठी हा खटाटोप करू नये. तिथे उतार देऊन किंवा सॉइल नेलिंगने (कडेच्या मातीत सळ्या रोवून) उघडी खुदाई स्वस्तात होते. एक सावधगिरी मात्र हवी. जांभ्याच्या कठीण थराखाली बहुधा मऊ, पांढरट-पिवळसर लिथोमार्जचा थर असतो. कोरडा असताना तो उभा कापला तरी टिकतो आणि पाणी लागले की साबणासारखा वाहून जातो. वरचा चिरा भक्कम दिसतो म्हणून खालचा उभा काप पावसाळ्यात उघडा ठेवणे धोक्याचे.

आता तुमच्या जागेकडे. पहिला खर्च बोअरवर, म्हणजे माती तपासायच्या भोकांवर, करा. १,२०० चौरस मीटरसाठी निदान पाच-सहा बोअर घ्या, चार कोपऱ्यांवर आणि बाकीचे मध्ये, आणि त्यातले काही राफ्टच्या तळाखाली पुन्हा तेवढेच खोल न्या. पणजीचा बराच सखल भाग भरावाचा आणि खाजनाच्या (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीच्या) काठचा आहे. वर भराव, मग मऊ चिकणमाती किंवा वाळू, खाली जांभट माती आणि त्याखाली कुजलेला खडक, असा उभा छेद मिळाला तरी थरांची जाडी दहा पावलांवर बदलते. निदान दोन बोअरमध्ये पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजणारी नळी) बसवून भरती आणि ओहोटीच्या वेळी, दोन आठवडे तरी, पाण्याची पातळी मोजा. पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट तपासा, कारण मांडवीजवळचे भूजल खारट असण्याची शक्यता मोठी. मऊ चिकणमातीची अनड्रेन्ड ताकद (आतले पाणी निघून जायच्या आधीची) नीट मोजून घ्या. केवळ एसपीटीच्या (बोअरमध्ये घण मारून घेतलेल्या चाचणीच्या) आकड्यावरून ती काढू नका. ही ताकद २० किलोपास्कल आणि मातीचे वजन घनमीटरला १६ किलोन्यूटन धरले तर साध्या हिशेबाने सुमारे सात मीटरला खड्ड्याचा तळ वर फुगून येण्याच्या सीमेवर असतो. म्हणजे अकरा मीटर जायचे तर भिंतीचा पाय त्या चिखलाच्या खाली घट्ट थरात रुतलेला हवाच, आणि तो किती रुतवायचा हे बोअरच सांगतात.

त्याच काळात शेजारच्या घरांची पाहणी उरका. प्रत्येक भेगेचा फोटो, रुंदी, तारीख आणि घरमालकाची सही. चुन्यातल्या चिऱ्याच्या भिंतीत जुन्या भेगा असतातच; काम सुरू झाल्यावर त्या कोणाच्या, हा वाद मिटवायला दुसरा पुरावा नसतो. घरांच्या विहिरींची पाणीपातळी आणि खारटपणाही नोंदवा. जागा आल्तिनोच्या पायथ्याशी, मळा-फोंताईन्यासच्या अंगाला असेल तर डोंगरातून नदीकडे भूजल सतत झिरपत असते. फोंत फेनिक्स आणि बोका द व्हाका हे झरे त्याच डोंगराच्या पायथ्याचे. तुमची ४० मीटरची भिंत त्या वाटेत बांधासारखी उभी राहते आणि डोंगराकडच्या बाजूला पाणी चढते. ती वाढीव पातळी भिंतीच्या हिशेबात धरलेली आहे का, हे सल्लागारांना विचारा. भूजल उपशाबाबत गोव्याचा भूजल नियमन कायदा २००२ सालापासून आहे; जलस्रोत खात्याकडचे आणि नदीजवळ असाल तर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) काम निविदेआधी मार्गी लावा.

डायफ्राम वॉलसाठी तुमच्या खोलीला ८०० मिलिमीटर जाडी आणि बोअरप्रमाणे १८ मीटरच्या आसपास खोली धरून बोलू. परीघ १४० मीटर, पाच मीटरची एक अशी २८ पॅनेल, म्हणजे एकेका वेळी खणून ओतायचे भिंतीचे तुकडे. आधी दोन्ही बाजूंनी गाईड वॉल, म्हणजे खणणाऱ्या यंत्राला वाट दाखवणाऱ्या बुटक्या भिंती: एक ते दीड मीटर खोल, २०० ते ३०० मिलिमीटर जाड, मधले अंतर भिंतीच्या जाडीपेक्षा ५० मिलिमीटर जास्त. भरावाच्या जमिनीत गाईड वॉल भरावाखाली उतरवा, नाहीतर ग्रॅबच्या (माती उचलणाऱ्या जबड्याच्या) धक्क्यांनी तिच्यामागची माती ढासळते आणि पहिल्याच पॅनेलला वर पोट येते.

भिंतीसाठी खणलेला चर उभा राहतो तो बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या मातीच्या) द्रवामुळे. द्रवाची पातळी भूजलापेक्षा निदान दीड मीटर वर हवी. पणजीत भूजल जमिनीलगत असते, भरतीला आणखी चढते, म्हणून गाईड वॉलच बऱ्याचदा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा-एक मीटर उंच बांधावी लागते. बेंटोनाइट नेहमी गोड्या पाण्यात कालवा आणि वापरण्याआधी १२ ते २४ तास फुगू द्या. खाऱ्या पाण्यात ते फुगत नाही, गुठळ्या धरते आणि चराच्या बाजूंवर पातळ पापुद्रा बसतच नाही. साइटवरच्या विहिरीतले पाणी फुकट मिळते म्हणून ते वापरण्याचा मोह इथे सर्वांत महाग पडतो. ताज्या द्रवाची घनता १.०३ ते १.१०, मार्श कोनमधून (दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून) वाहायला ३० ते ४५ सेकंद. काँक्रीट ओतण्याआधी चराच्या तळाचा नमुना काढून वाळूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आणल्याशिवाय ट्रेमी (काँक्रीट तळाशी सोडणारी उभी नळी) लावू देऊ नका. एका पॅनेलचा चर ७२ घनमीटरचा, तेव्हा टाक्यांत मिळून निदान १५० घनमीटर द्रवाची सोय हवी. जांभ्यात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात. त्या लागल्या की द्रवाची पातळी काही मिनिटांत खाली जाते. अशा वेळी ग्रॅब बाहेर काढून चर लगेच जादा द्रवाने, आणि तेवढ्याने थांबला नाही तर चिकणमातीने किंवा हलक्या काँक्रीटने भरायचा. हे सामान चराशेजारी आधीपासून पडलेले असले पाहिजे.

कठीण जांभा किंवा खडक लागला की साधा ग्रॅब चालत नाही. काही कंत्राटदार तिथे जड छिन्नी आपटतात. शेजारी चुन्यातली घरे असताना ती परवानगी देऊ नका. रोटरी रिगने आधी एकाला लागून एक भोके पाडून मग ग्रॅबने साफ करणे किंवा हायड्रोमिल (फिरत्या दात्यांनी चर कापणारे यंत्र) वापरणे, हे दोनच मार्ग ठेवा आणि त्याचा वेगळा दर निविदेतच मागवा.

भिंतीचा ओळंबा १:२०० लिहून घ्या. १:१०० मान्य केले तर ११ मीटरला ११० मिलिमीटर भिंत आत येऊ शकते आणि पार्किंगची ओळ तेवढी अरुंद होते. आर्किटेक्टने तळघराच्या आतल्या मापात निदान १५० मिलिमीटर सोडलेलेच बरे. चराच्या बाजू अल्ट्रासोनिकने तपासा, केज, म्हणजे भिंतीच्या सळ्यांचा पिंजरा, उतरवण्याआधी.

केजमध्ये पुढच्या स्लॅबच्या सळ्यांसाठी कपलर (सळई जोडायची नळकांडी) आणि खाचा ठेवाव्या लागतात, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. केज गाईड वॉलवर टांगलेला असतो. टांगायच्या सळईची लांबी ५० मिलिमीटर चुकली की तिन्ही स्लॅबचे सगळे कपलर ५० मिलिमीटर चुकतात. म्हणून लांबी प्रत्येक पॅनेलवर गाईड वॉलची पातळी पुन्हा घेऊनच ठरवा. खाचेतला थर्माकोल घट्ट बांधा, काँक्रीटबरोबर तो वर तरंगतो. स्लॅबची जाडी ठरवताना कपलर ७५ मिलिमीटर वर-खाली झाले तरी चालेल अशी सोय ठेवा. सळ्यांवरचे काँक्रीट, म्हणजे कव्हर, ७५ मिलिमीटर, काँक्रीट एम३५ किंवा एम४०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि सिमेंट स्लॅगचे. खारट भूजलात यात तडजोड नाही. याबाबत आयएस ९५५६ आणि आयएस ४५६ ही भारतीय मानके वाचून निविदा लिहा.

एका पॅनेलला वाया जाणाऱ्यासह साधारण ८० घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे सहा घनमीटरचे तेरा-चौदा मिक्सर, खंड न पडता. स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटची बसण, १८० ते २०० मिलिमीटर आणि तो निदान चार तास टिकला पाहिजे. पाच मीटरच्या पॅनेलला दोन ट्रेमी. ट्रेमीचे तोंड नेहमी काँक्रीटमध्ये दोन मीटर बुडालेले हवे. प्रत्येक मिक्सरनंतर दोरीने खोली मोजून वहीत लिहायची. तोंड एकदा बाहेर आले की मध्ये बेंटोनाइटचा पट्टा राहतो आणि खुदाईच्या वेळी त्याच रेषेतून पाणी येते. शहरातली वाहतूक पाहता ही कामे रात्री आठनंतरच लावा. दोन पॅनेलच्या सांध्यात रबरी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) असलेला स्टॉप-एंड (पॅनेलच्या टोकाचा साचा) घ्या, त्याशिवाय भरतीचे पाणी वर्षानुवर्षे तिथून झिरपेल.

प्लंज कॉलमसाठी पाईल राफ्टच्या तळापर्यंतच काँक्रीटने भरायची आणि काँक्रीट ओले असतानाच पोलादी खांब त्यात दोन ते तीन मीटर रुतवायचा. त्यासाठी निदान सहा तास न घट्टणारे मिश्रण आणि जमिनीवर खांब ओळंब्यात धरणारी मार्गदर्शक चौकट लागते. खांबाला १:४०० च्या आसपास ओळंबा मिळतो. वरच्या रिकाम्या बोअरमध्ये खांबाभोवती बारीक खडी समान भरा. एका बाजूने ओतली तर खांब दुसरीकडे झुकतो आणि मग तो पुन्हा सरळ होत नाही. ८ बाय ८ मीटरच्या गाळ्यात बांधकामाच्या वेळी या एका खांबावर ३०० ते ४०० टन भार येऊ शकतो. मजला उघडा पडला की पोलादी खांबाभोवती सळ्या बांधून काँक्रीटचा कायमचा खांब करायचा. त्यासाठी खांबावर शिअर स्टड (काँक्रीट धरून ठेवणारे पोलादी खुंट) आधीच वेल्ड करून आणा, तळघरात वेल्डिंगचा धूर नको.

तळमजल्याचा स्लॅब हाच पुढचे सात-आठ महिने तुमचा मैदान, रस्ता आणि छप्पर असतो. त्यावर टिपर, क्रेन, पोकलेन उभे राहणार, म्हणून चौरस मीटरला दोन टन बांधकामाचा भार धरलेला पाहिजे आणि गाड्यांची वाट रंगाने आखलेली पाहिजे. एवढ्या क्षेत्राला ८ बाय ५ मीटरच्या आसपास दोन ओपनिंग पुरतात, दोन टोकांना. एकातून माती वर, दुसऱ्यातून सळ्या आणि यंत्र खाली, आणि दोन्हींमधून हवा खेळते. ती भिंतीला चिकटून ठेवू नका, नाहीतर तिथे भिंतीला टेकूच उरत नाही. ओपनिंगभोवती ३०० मिलिमीटरचा कठडा आणि वर पत्र्याचे उंच छप्पर हवे. स्लॅबवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस आला तर मिनिटाला हजार लिटर पाणी वाहते. ते कडेच्या गटारातून टाकीत आणि गाळ बसल्यावरच बाहेर सोडायचे. लाल पाणी थेट सांतइनेजच्या नाल्यात गेले तर तक्रार होईल आणि ती रास्त असेल.

स्लॅब जमिनीवर ओततात म्हणजे शटरिंग वाचते, हे खरे. पण खाली ७५ मिलिमीटर पीसीसी (बिनसळ्यांचे काँक्रीट), त्यावर प्लास्टिकचा जाड कागद किंवा प्लायवूड, अशी व्यवस्था लागते. खालची माती काढल्यावर हा पीसीसी स्लॅबच्या तळाला चिकटून राहतो. एका चौरस मीटरचे वजन सुमारे १८० किलो. तो आज नाही तर चार दिवसांनी, कोणालाही न सांगता खाली येतो. स्लॅबखालच्या खुदाईत माणसाच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट. म्हणून नियम एकच: यंत्र जेवढे पुढे गेले तेवढा पीसीसी त्याच पाळीत पोकलेनच्या बकेटने खरवडून पाडायचा आणि तो पडेपर्यंत त्याखाली कोणीही पायी जायचे नाही. मऊ चिखलावर स्लॅब ओतताना जमीन खचून स्लॅबला पोट पडते, तेव्हा आधी ३०० मिलिमीटर चिखल काढून मुरूम किंवा जांभ्याची भर दाबून घ्या.

पाऊस सुरू होईपर्यंत स्लॅब पूर्ण ताकदीला आला की खुदाई. ओपनिंगखाली आधी खड्डा करून पाच ते आठ टनांचा छोटा पोकलेन उतरवतात, तो चहूकडून माती ओपनिंगखाली आणतो आणि वरून लांब हाताचा पोकलेन ती उचलतो. दुसऱ्या-तिसऱ्या तळघरासाठी टेलिस्कोपिक क्लॅमशेल (लांब होणाऱ्या दांड्यावरचा जबडा) लागतो. मातीचा हिशेब असा: १,२०० चौरस मीटर गुणिले ११ मीटर म्हणजे १३,२०० घनमीटर, सुटल्यावर ती ३० टक्के फुगून सुमारे १७,००० घनमीटर होते. दहा घनमीटरच्या टिपरच्या सतराशे फेऱ्या. पावसात दिवसाला २५ ते ३० फेऱ्या निघाल्या तर नुसत्या मातीला दोन महिने. चिखल ओलाच टिपरमध्ये भरला तर तो रस्त्यावर सांडतो, तेव्हा चाके धुवायची जागा फाटकाशी हवीच. माती टाकायची जागा आणि तिचा परवाना आधी मिळवा. खाजनात किंवा सखल शेतात ती नेऊन टाकणे बेकायदा तर आहेच, पण पुढच्या पावसात कोणाच्या तरी घरात पाणी शिरवते.

खुदाई मध्यापासून भिंतीकडे करा. भिंतीलगत तीन-चार मीटरची मातीची पायरी शेवटपर्यंत ठेवा आणि ती तुकड्यातुकड्याने काढून लगेच त्या पट्ट्याचा पीसीसी ओता. सर्वांत मोठा मोह जास्त खोल खणण्याचा. पोकलेनला डोके वर करायला जागा मिळावी म्हणून मुकादम ‘अजून दीड मीटर घेऊ’ म्हणतो. स्लॅब ते तळ अंतर चारऐवजी साडेपाच मीटर झाले की भिंतीतला बाक, मातीचा वाढलेला दाब सोडूनसुद्धा, जवळपास दुप्पट होतो. प्लंज कॉलमची मोकळी लांबी वाढली की त्याची वाकण्याविरुद्धची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून भिंतीवर रंगाने रेषा मारून त्याखाली न जाण्याचा आदेश लेखी द्या, आणि हिशेबात मात्र अर्धा मीटर जादा खुदाई आधीच धरून ठेवा.

खाली हवा वरून ढकलावी लागते. ओपनिंग दोन आहेत एवढ्याने भागत नाही. डिझेलच्या यंत्राचा धूर छताशी साठतो, पहिल्या तळघरापासूनच पंख्याला जोडलेले डक्ट यंत्र चालते त्या टोकापर्यंत न्या. ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र प्रत्येक पाळीला; ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की सगळे वर. खाजनाच्या काळ्या गाळातून कुजलेल्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. जास्त प्रमाणात हा वायू नाकाची जाणीवच मारतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असे समजू नका. दिवे चोवीस तास आणि जनरेटरवर, पावसात वीज जाणारच.

पाणी फक्त आतले काढायचे. भिंतीच्या आत तीन-चार खोल विहिरी खोदून त्यातून पंप चालवा आणि बाहेरच्या पिझोमीटरवर नजर ठेवा. बाहेरची पातळी अर्ध्या मीटरहून जास्त उतरली तर भिंतीच्या पायाखालून किंवा सांध्यातून पाणी येते आहे. पंप वाढवू नका, गळती शोधून ग्राउट करा, म्हणजे सिमेंटचा द्रव भरून बुजवा. बाहेरचे पाणी उतरले की मऊ चिकणमाती दबते, चुन्यातली घरे खचतात आणि शेजारच्या विहिरीत खारे पाणी ओढले जाते. विहिरीत शिरलेला खारटपणा एका पावसात जात नाही.

मोजमापाचे आकडे काम सुरू होण्याआधी ठरवा. घट्ट जमिनीत चांगले केलेल्या कामात भिंत खुदाईच्या खोलीच्या सुमारे ०.२ टक्के आत येते, म्हणजे ११ मीटरला २२ मिलिमीटर. मऊ मातीत याहून जास्त येऊ शकते. दोन्ही घरांकडच्या भिंतीत निदान एकेक इनक्लिनोमीटर (भिंतीचा कल मोजणारे साधन) असू द्या. १५ मिलिमीटरला सल्लागारांना कळवणे, २५ ला खुदाई थांबवणे, असे टप्पे लिहून घ्या. घरे कमजोर असतील तर आकडे आणखी खाली आणा. स्लॅबही आकसतो, ही गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते. आयएस ४५६ चा आकुंचनाचा आकडा ०.०००३ धरला तर ३० मीटरचा स्लॅब ९ मिलिमीटर आखूड होतो आणि दोन्हीकडच्या भिंती मिळून तेवढ्या आत येतात. चार मीटर रुंद पट्टी मध्ये राखून ठेवून पंधरा दिवसांनी ओतली तर यातले काही वाचते, पण ती पट्टी भरेपर्यंत खालची खुदाई करता येत नाही, याचा हिशेब वेळापत्रकात हवा.

खांब आणि भिंतीचे अस्तर खालून वर ओतताना वरच्या स्लॅबला नेमके भिडवणे जमत नाही, कारण काँक्रीट बसते आणि वर हवा अडकते. वरच्या स्लॅबमध्ये प्रत्येक खांबाशी १५० मिलिमीटरचे दोन पाईप आधीच ठेवा, एकातून ओता आणि दुसऱ्यातून हवा जाऊ द्या. शेवटचे ५० मिलिमीटर मोकळे ठेवून नॉन-श्रिंक ग्राउटने भरा.

राहिला राफ्ट, आणि गोव्यात याच ठिकाणी डिझाइन चुकलेले सापडते. आपल्या इमारती बुटक्या असतात, त्यामुळे खोल तळघर पाण्यावर उचलले जाते. तुमचाच हिशेब पाहा. राफ्टचा तळ ११ मीटर खाली आणि पावसाळ्यात पाणी जमिनीपर्यंत, म्हणजे चौरस मीटरला ११ टनांचा वरचा दाब. तीन स्लॅब, प्रत्येकी ०.९ टन धरून २.७. राफ्ट १.२ मीटर जाड, ३ टन. वरचे चार मजले, केवळ स्वतःचे वजन, ४ टन. बेरीज ९.७. सुरक्षेचा गुणक १.२ घेतला तर हवेत १३.२. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला साडेतीन टन कमी पडतात, आणि ८ बाय ८ च्या गाळ्याला सुमारे २२५ टन. डायफ्राम वॉलचे वजन मोठे असते, पण त्याची मदत कडेच्या गाळ्यांनाच होते, मधल्या नाही.

ही तूट पाईलने ओढून धरायची. पाईल टॉप-डाऊनसाठी लागतेच. तिच्यात ताणासाठी सळ्या पूर्ण लांबीपर्यंत घालायच्या आणि राफ्टमध्ये नीट बांधायच्या, एवढाच वाढीव खर्च. तो निर्णय मात्र पाईलच्या वेळी, म्हणजे फेब्रुवारीतच घ्यावा लागतो. राफ्ट ओतताना ध्यानात आले तर उपाय फक्त राफ्ट जाड करण्याचा, म्हणजे आणखी खणण्याचा.

वेळापत्रकावर परत येतो. ऑक्टोबरात गाईड वॉल, नोव्हेंबर ते जानेवारी डायफ्राम वॉल, फेब्रुवारी-मार्च पाईल आणि प्लंज कॉलम, एप्रिल-मे तळमजल्याचा स्लॅब. जून ते सप्टेंबरात पहिली दोन तळघरे, आणि तिसऱ्याची खुदाई व राफ्ट नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा पाऊस थांबलेला असतो. डायफ्राम वॉलचे कंत्राट ऑगस्टमध्येच द्या. नोव्हेंबर उलटून जानेवारीत रिग साइटवर आली तर मेअखेर स्लॅब होत नाही, आणि त्या वर्षी फक्त भिंत करून पाईल-स्लॅब पुढच्या ऑक्टोबरावर ढकलणेच शहाणपणाचे. अर्धवट स्लॅबखाली पावसात खणायला सुरुवात करू नका.

राफ्ट एकदा ओतला की पंप लगेच बंद करायची घाई होते, कारण डिझेलचे बिल दिसत असते. पाईल आणि राफ्टचा सांधा पूर्ण ताकदीला येईपर्यंत, निदान २८ दिवस, आणि वरच्या हिशेबात धरलेले चार मजले उभे होईपर्यंत पंप चालू ठेवा. पाईलमध्ये ताण धरलेला नसेल तर वरचे चारही मजले आणि भिंती पूर्ण होऊनही गुणक १.२ भरत नाही, म्हणून तिथे फक्त पंपावर विसंबून राहू नका, तूट भरून काढण्याचा कायमचा उपाय सल्लागारांकडून लिहून घ्या. पंप-विहिरीचे तोंड बंद करतानाही राफ्टमधून गेलेल्या पाईपला दोन ठिकाणी वेल्ड केलेली पाणी अडवणारी पट्टी, वर पोलादी झाकण आणि त्यावर नॉन-श्रिंक काँक्रीट असे करा, आणि शेवटची विहीर बंद केल्यावर महिनाभर राफ्टखालचा दाब पिझोमीटरवर दररोज वाचा.